लहान मैफल आणि मोठा आवाज

एक गायक, एक पेटी, एक तबला आणि फार तर एक सतार किंवा गिटार, इतक्या सामग्रीवर शंभर-दीडशें श्रोत्यांपुढें कार्यक्रम करणारा संच थोडा नांवारूपास आला, कीं त्याच्यापुढें एक व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. भाड्याचा लाउडस्पीकर दर खेपेस पैसे खातो आणि पुष्कळदां गाणेंहि खातो. तेव्हां स्वतःचा संच घ्यावा हें खरें; पण बेताच्या पैशांत तो कोणता घ्यावा? दुकानदार वॉटचा आंकडा पुढें करतो. त्या आंकड्यावर भिस्त ठेवण्यापूर्वीं हें यंत्र गाण्याच्या बैठकींत कसें शिरलें, याचा इतिहास पाहणें लाभाचें आहे; कारण आज दुकानांत जें जें मांडलेलें दिसतें, तें तें कोणाच्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाकरितां ‘संयुक्त मानापमान’ झालें. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगभूमीवर उभे राहिले. त्या नाट्यगृहांत आवाज वाढविणारें एकहि यंत्र नव्हतें. शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोंचविणें हें काम गळ्याचें आणि खुद्द इमारतीचें होतें. पोंचणारा गळा ही त्या काळीं नटाची पहिली योग्यता. नाजुक आवाजाचा गवई घरच्या बैठकींत कितीहि गोड लागला, तरी नाटकमंडळींत त्याचा निभाव लागणें कठीणच.

पण समुद्रापलीकडे या योग्यतेची सद्दी संपत आली होती. कॅलिफोर्नियांतील नापा गांवीं पीटर जेन्सन हा डॅनिश कारागीर व त्याचा सहकारी एडविन प्रिडहॅम यांनीं टेलिफोन सुधारण्याच्या खटाटोपांतून एक हलणारी तारेची गुंडाळी बनविली होती. टेलिफोनवाल्यांनीं ती घेतली नाहीं, म्हणून त्यांनीं तिला कर्णा जोडला. १९१५ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंदिरापुढें जमलेल्या अफाट समुदायास या कर्ण्यानें भाषणें व गाणीं ऐकविलीं. यंत्राचें नांव त्यांनीं मॅग्नावॉक्स, म्हणजे लॅटिनमध्यें ‘थोर आवाज’ असें ठेवलें. पुढें सप्टेंबर १९१९ मध्यें अध्यक्ष विल्सन हे सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर कांचेच्या बंदिस्त जागेंत उभे राहून याच कर्ण्यांतून हजारों लोकांशीं बोलले. विल्सन यांचा आवाज व प्रकृति दोन्ही त्या दौऱ्यांत थकलीं होतीं. थोड्याच दिवसांनीं त्यांना पक्षाघात झाला. थकलेल्या गळ्यास मिळालेला तो आधार होता.

कर्णा हा काटकसरी प्राणी आहे. थोड्याशा विजेंत तो मोठा आवाज देतो. पण त्याचा स्वर नाकांतला. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं कागदी शंकूचा लाउडस्पीकर प्रसिद्ध केला. त्याचा स्वर भरदार व खरा, मात्र त्याच्या पोटांत गेलेल्या विजेपैकीं शेंकड्यास एखाद-दुसराच भाग आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीची उष्णता होऊन वायां जाते. निवडणुकीच्या सभेस कर्णा आणि गाण्यास शंकू, ही वांटणी तेव्हांपासूनची आहे. आजच्या पेटींत खालीं शंकू व वर लहान कर्णा बसवून दोघांचा संसार लावलेला असतो.

हिंदुस्थानांत हें यंत्र प्रथम गाण्यासाठीं नव्हे, तर राजकारणासाठीं गाजलें. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकवर गांधीजींचे शब्द ज्या ध्वनिवर्धकांतून गेले ते मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे होते. हें नांव अमेरिकन वाटलें तरी पेढी मुंबईची. इकडे संगीतांत मायक्रोफोननें निराळीच क्रांति केली. अमेरिकेंत रूडी व्हॅली हा तोंडाशीं भोंगा धरून गाई. बिंग क्रॉस्बीनें भोंगा टाकला आणि मायक्रोफोनशीं कुजबुजल्यासारखें गाऊन घराघरांत प्रवेश मिळविला. मराठींत जी. एन. जोशी यांच्या पिढीचें भावगीत ध्वनिमुद्रिका व रेडिओ यांच्याच आश्रयानें वाढलें. ज्या गळ्यास नाटकमंडळीनें दार लावलें असतें, त्याला मायक्रोफोननें पाट मांडला. शास्त्रीय गायकांतील जाणत्यांस यांत गळ्याची तालीम सैल पडण्याची भीति वाटली, आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती.

यानंतर संख्येचा मोह आला. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सपुढें पंचावन्न हजारांवर श्रोते होते. त्यांचें गाणें मैदानाच्या निवेदनासाठीं बसविलेल्या कर्ण्यांतून गेलें. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत तें गायकांना स्वतःलाहि धड ऐकूं येईना. पुढच्याच वर्षीं त्यांनीं दौरे थांबविले. इंग्लंडांत चार्ली वॉटकिन्स यानें १९६७ च्या विंडसर महोत्सवांत अनेक वर्धक एकत्र जोडून हजार वॉटचा संच उभा केला, आणि मोठ्या मैदानाचा प्रश्न मार्गास लागला.

लहान संचांचें दैन्य मात्र निराळ्या वस्तूनें फेडलें. ती म्हणजे खांबासारखी उभी लाकडी पेटी, जींत चार-सहा शंकू एकावर एक रचलेले असतात. अशा रचनेंतला आवाज वरखालीं कमी पसरतो व आडवा फांकतो. त्यामुळें तो छताला लागून घुमत नाहीं, श्रोत्यांकडे जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शुअर कंपनीचा ‘व्होकल मास्टर’ याच तत्त्वावर निघाला: दोन खांब, एक वर्धक, आणि दोन माणसांनीं मोटारींत घालून न्यावा असा संच. त्यांतून केवळ कंठस्वर जाई. ढोल व गिटार आपापल्या जोरावर वाजत. ही मर्यादा गरिबीची खरी, पण शहाणपणाची होती. छोट्या दिवाणखान्यांत तबल्यास मायक्रोफोन लावण्याची हौस आजहि निम्म्या कार्यक्रमांची माती करते. २००३ साली बोस कंपनीनें बारीक खांब गायकाच्या मागें उभा करून गायक व श्रोते या दोघांनाहि एकच आवाज ऐकविण्याची युक्ति बाजारांत आणली. तशाच घडणीचे स्वस्त खांब आतां पुष्कळ कंपन्या विकतात.

आतां वॉटचा हिशेब. वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट वाटावयास सुमारें दसपट वॉट लागतात. याउलट एक लाउडस्पीकर दुसऱ्याहून तीन डेसिबल अधिक संवेदनशील असला, तर निम्म्या वॉटांत तोच आवाज मिळतो. हा आंकडा माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असतो. मोठ्या अक्षरांत असतात ते क्षणिक शिखराचे वॉट. शंभर-दीडशें श्रोत्यांस वर्धक पोटांतच असलेल्या दहा किंवा बारा इंची शंकूच्या दोन पेट्या, चार-सहा वाटांचा साधा मिक्सर आणि एकाच बाजूनें ऐकणारे डायनॅमिक मायक्रोफोन एवढें पुरतें. एकाच बाजूनें ऐकणारा मायक्रोफोन एकाच भागाच्या साध्या घडणींत प्रथम १९३९ साली शुअरकडे बेंजामिन बाउअर यानें साधला. शीळ टाळण्याचें निम्में काम तोच करतो. उरलेलें निम्में काम पेट्या गायकाच्या पुढें, दांडीवर श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवल्यानें होतें. पैसे अपुरे असतील तर दोन हलक्या पेट्यांऐवजीं एकच चांगली घ्यावी, आणि दुसरी पुढल्या वर्षीं.

दुकानांत परीक्षा पाहतांना विक्रेत्याची ठरलेली ध्वनिमुद्रिका वाजवूं देऊं नये. गायकानें आपला मायक्रोफोन व आपली पेटी बरोबर न्यावी, आवाज अर्ध्यावर ठेवून खर्जांतला षड्ज लावावा, आणि सोबत्यानें दुकानाच्या दाराशीं उभें राहून त्यांतला शब्द स्पष्ट कळतो कीं नाहीं तें सांगावें.