उतोरोचे फलक

क्योतोजवळच्या उजी शहरातील उतोरो ही वस्ती युद्धकाळात विमानतळाच्या बांधकामावर आलेल्या कोरियन मजुरांची. १९४५ मध्ये काम थांबले, मजूर तेथेच राहिले. जमीन मात्र कंपनीची. नळाचे पाणी आले थेट १९८८ मध्ये! पुढच्याच वर्षी जमीनमालकाने खटला भरला. रहिवाशांनी आपले म्हणणे फलकांवर रंगवून दारोदारी उभे केले. रात्री भिंत रंगवणारा पसार होतो. हे लिहिणारे फलकामागेच राहत होते. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते हरले. पुढे देणग्या आणि दक्षिण कोरियाचा निधी यांतून काही जमीन विकत घेतली गेली, सरकारी सदनिका उभ्या राहिल्या. जुने फलक संग्रहालयासाठी जपून ठेवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये कोरियनद्वेषातून एका तरुणाने लावलेल्या आगीत त्यांतले कित्येक जळाले. संग्रहालय एप्रिल २०२२ मध्ये उघडले. ऑगस्टमध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.