हेलसिंकी १९५२ आणि माझा वीकेंड

गेल्या शनिवारी पहाटे २१ किलोमीटर पळालो आणि रविवारी सकाळी मोठ्या उत्साहात टँकवर बटरफ्लायच्या सरावाला गेलो. दुसऱ्याच लेंथला पाय लाकडासारखे झाले, कंबर बुडायला लागली आणि मी चक्क दोरी पकडून उभा राहिलो. सर वरून म्हणाले, "तुझे घोटे पळणाऱ्याचे आहेत रे. ताठ. एक काहीतरी ठरव."

एक काहीतरी ठरव! हे वाक्य दिवसभर डोक्यात. आता आपली सवय अशी, की बग सापडला की आधी जुने लॉग उघडायचे. म्हणून संध्याकाळी इतिहास वाचत बसलो.

गंमत बघा. बटरफ्लाय हा मुळात वेगळा स्ट्रोक नव्हताच. १९३०च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी नियमातली पळवाट शोधली. हात पाण्याखालून पुढे न्यायचे त्याऐवजी पाण्यावरून फेकायचे, पाय मात्र बेडकासारखेच. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात आर्मब्रस्टर नावाचे कोच आणि जॅक सीग नावाचा त्यांचा विद्यार्थी यांनी १९३५च्या सुमारास या हातांना डॉल्फिन किक जोडली. वेग मस्त, पण पाय वरखाली मारणं ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात बसेना. झालं, किक बाजूला पडली.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिसने २०० मीटर 'ब्रेस्टस्ट्रोक' जिंकली ती हे बटरफ्लायचे हात वापरूनच. त्याच वर्षी दोन्ही स्ट्रोक वेगळे करायचं ठरलं आणि डॉल्फिन किकला परवानगी मिळाली. १९५६ला मेलबर्नमध्ये बटरफ्लाय स्वतंत्रपणे ऑलिंपिकमध्ये आला. पुरुषांची २०० मीटर बिल यॉर्झिकने जिंकली, जो पुढे डॉक्टर झाला.

आणि त्याच हेलसिंकीत, ट्रॅकवर, एमिल झाटोपेक! १०,००० मीटर, ५,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, आठ दिवसांत तीन सुवर्णपदकं. लोकांना त्याचा वेदनेने वाकडा झालेला चेहरा आठवतो. मला त्याचा सराव आवडला. लांब अंतर एका दमात रेटण्याऐवजी ४०० मीटरचे तुकडे, मधे हलकं जॉगिंग, परत तुकडा. पण शरीराने त्यालाही बिल पाठवलंच. मेलबर्नच्या आधी हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तिथे मॅरेथॉनमध्ये तो सहावा आला.

इथे माझी ट्यूब पेटली. झाटोपेकच्या तिन्ही शर्यती म्हणजे पळणंच होतं, इंजिन एकच. माझं तसं नाही. पळताना घोटा घट्ट लागतो, डॉल्फिन किकला तोच घोटा माशाच्या शेपटीसारखा सैल हवा. दोन्ही एकदम रेटले तर दमलेल्या अंगाने मी फक्त चुकीचा स्ट्रोक पक्का करत बसणार.

तर निर्णय असा. ऑफिसातल्या ग्रुपबरोबर यंदा फुल मॅरेथॉन करायची ठरली होती, ती रद्द. मी हाफच पळणार. (चिडवतील, चिडवू देत.) लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी बटरफ्लाय बंद, तेव्हा फक्त आरामात फ्रीस्टाइल. बटरफ्लाय मंगळवारी आणि गुरुवारी, ताज्या पायांनी, २५-२५ मीटरचे तुकडे, मधे पूर्ण दम घेऊन. स्ट्रोक बिघडला की थांबायचं. आणि रोज रात्री दहा मिनिटं घोट्यांचं स्ट्रेचिंग.

हातांना त्यांची किक कायदेशीरपणे मिळायला सतरा वर्षं लागली. मी एक सीझन तरी थांबू शकतोच की!