काम आणि मान : जालना रस्त्यावरून दिसणारा मोटारींचा इतिहास

जालना ते औरंगाबाद हा रस्ता साधारण साठ किलोमीटरांचा. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. पण येथे ज्या घटनांविषयी लिहायचे आहे त्यांतील बहुतेक जुन्या नावाच्या काळातल्या असल्याने तेच नाव ठेवले आहे. या रस्त्यावर औरंगाबादच्या बाजूला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथे २००१ पासून परदेशी मोटारींची जुळणी होते. रस्ता संपतो त्या जालन्यातही औद्योगिक वसाहत आहे. तिच्यातल्या भट्ट्यांमध्ये भंगार लोखंड वितळते आणि त्यापासून बांधकामाच्या सळ्या निघतात. एकेकाळी 'जालना सोने का पालना' म्हणून ओळखले जाणारे हे व्यापारी गाव आता बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी ओळखले जाते. मोटार जन्माला येते ती जागा आणि तिचे लोखंड शेवटी ज्या प्रकारच्या भट्टीत जाते ती जागा, दोन्ही तासाभराच्या अंतरावर आहेत. आलिशान मोटारी, विशेषतः ज्यांना सेडान म्हणतात त्या बसक्या, चार दारांच्या आणि मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्या आपल्याकडे का टिकत नाहीत, हा प्रश्न विचारायला याहून योग्य रस्ता शोधावा लागणार नाही.

या प्रश्नाची नेहमीची उत्तरे ठाऊक आहेत : किंमत, कर, इंधन, स्पर्धा. ती खोटी नाहीत. पण इतिहास पाहिला की त्यांच्या मागे आणखी एक सूत्र दिसू लागते. मोटार दोन गोष्टींच्या आधारावर जगते. एक काम, दुसरा मान. जिला दोहोंपैकी एक तरी भक्कम मिळाला ती टिकली. जिचे काम दुसऱ्या कोणत्याही गाडीने केले असते आणि जिचा मान उसना होता, ती गेली.

निव्वळ मानावर जगलेल्या मोटारीचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. सहावा निजाम मीर महबूब अली खान याने रोल्स-रॉइस कंपनीकडे एक पिवळी 'सिल्व्हर घोस्ट' मागवली होती, आतले आसन सिंहासनासारखे असलेली. ती येण्यापूर्वीच १९११ मध्ये त्याचे निधन झाले आणि ती सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्याकडे आली. समारंभांपुरती बाहेर पडणारी ही गाडी सगळ्या आयुष्यात काही शे मैलच धावली. तिने कोणाला कोठे पोहोचवायचे नव्हते. ती दिसायची होती. असा मान टिकवायला दरबार लागतो. दरबार गेल्यावर गाडी संग्रहालयाची वस्तू होते. बाजारात उतरलेल्या मोटारीला ही सोय नसते. तिला पहिला मालक लागतोच, पण पहिल्याचे मन भरल्यावर दुसराही लागतो.

दुसऱ्या मालकाचे महत्त्व समजण्यासाठी सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स यांच्याकडे वळावे लागते. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोठ्या गाड्या बांधण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. पुढे देशातच सुटे भाग बनवण्याची अट सरकारने कडक केली. त्या वाऱ्यात जनरल मोटर्सने मुंबईतील शिवडीची जुळणी १९५४ मध्ये थांबवली. शेव्हरले आणि ब्यूक या नावांनी हा देश सोडण्याची ती पहिली वेळ. प्रीमियर मात्र टिकली, कारण तिने मोठ्या अमेरिकी गाड्यांऐवजी इटलीच्या फियाट कंपनीची छोटी ११०० उचलली. १९७० च्या दशकात फियाटचे नाव वापरणे थांबले आणि त्याच गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' म्हणू लागले.

साहित्याच्या अभ्यासकांना या नामांतरात रस वाटावा. पद्मिनी ही चितोडच्या आख्यानातली राणी, आणि आपल्या जुन्या शास्त्रांतील नायिकाभेदात सर्वश्रेष्ठ मानलेली स्त्रीही. नाव असे राजघराण्यातले, पण लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. आणि राणीच्या नावाची ही गाडी गाजली ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. तिचे यंत्र साधे होते. रस्त्याकडेचा मिस्त्री पाना आणि हातोडी घेऊन ते उघडू शकत होता, सुटे भाग कोणत्याही गाळ्यात मिळत होते. डॉक्टरने वापरून विकली की ती मास्तरांकडे येई, मास्तरांकडून छोट्या दुकानदाराकडे जाई. प्रत्येक विक्रीत तिचा मान थोडा उतरत असेल, काम मात्र तेवढेच राही.

कारखान्यातले तिचे मरण वेगळ्या कारणाने ओढवले. गाडीसाठी वर्षानुवर्षे रांग लावणारे ग्राहक असताना कंपनीला गाडी बदलण्याची निकड वाटली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा रांगेतल्या माणसाला प्रथमच दुसरे दार दिसले. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून उतरली. कंपनीच्या दृष्टीने गाडी मेल्यानंतरही दोन दशके ती कमावत होती. हे आयुष्य तिला जाहिरातीने दिलेले नव्हते. चालक, मिस्त्री आणि भंगार बाजार यांनी ते दिले होते.

आता हेच माप आलिशान गाड्यांना लावून पाहू. परवाना-काळाच्या उत्तरार्धात तीन गाड्या 'मोठ्या माणसांसाठी' म्हणून आल्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा काढली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ सरदारीण. तिचा सांगाडा इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या जुन्या गाडीचा, आणि आत सुरुवातीला इंजिन ॲम्बेसेडरचे. जपानी इसुझूचे इंजिन नंतर आले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' आणली. रूप रोव्हरच्या देखण्या गाडीचे आणि इंजिन कितीतरी जुन्या पिढीचे. ती तीन-चार वर्षांत संपली. त्याच वर्षी कुर्ल्याहून निघालेल्या प्रीमियर ११८ एनईचा साचा फियाटच्या १२४ चा होता, इंजिन मात्र निसानचे. तिघींचे दुखणे एकच. बाहेरून जो मान मिरवायचा तो आतल्या यंत्राला पेलत नव्हता. मालकाला हे पहिल्या घाटात कळे आणि गिऱ्हाइकाला मालकाकडून. काँटेसा त्यातल्या त्यात टिकली, २००२ पर्यंत, कारण सरकारी आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना चालकासह बसायला तिचे मागचे आसन ऐसपैस होते. म्हणजे तिला थोडे काम होते.

१९९१ च्या उदारीकरणानंतर मान आयात करणे सोपे झाले. फ्रान्सची प्यूजो प्रीमियरचा हात धरून कल्याणला आली आणि ते दशक संपण्यापूर्वी कामगार-संघर्ष आणि थंड विक्री यांत निघूनही गेली. हीच प्यूजो २०१७ मध्ये पुन्हा भारतातल्या व्यवहारात दिसली, ती ॲम्बेसेडर हे नाव हिंदुस्थान मोटर्सकडून ८० कोटी रुपयांना विकत घेताना. गाडीचे उत्पादन त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, थांबले होते. गाडी मेल्यावरही नावाला किंमत येते ती अशी. मात्र त्या नावाची नवी गाडी काही रस्त्यावर आली नाही.

शेंद्र्याला २००१ मध्ये चेक देशाची स्कोडा आली आणि तिच्या ऑक्टाव्हियाने मराठवाड्यातील रस्त्यांवर एक नवा वर्ग दिसू लागला : नवश्रीमंत, पण मर्सिडीजपर्यंत न पोहोचलेला. डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, कारखानदार. पुढे सुपर्ब आली, आणि ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी 'लॉरा' या नावाने आली, कारण पहिली पिढी अजून विकली जात होती आणि एकाच नावाच्या दोन गाड्या दुकानात ठेवणे गैरसोयीचे होते. लॉरा म्हटले की आपल्याला पेत्रार्काची सुनीते आठवतात. गिऱ्हाइकाला मात्र या नावात जुनी ओळख सापडत नव्हती, आणि पुढे कंपनीने पुन्हा ऑक्टाव्हिया हेच नाव घेतले.

त्या रस्त्याचा सर्वांत मानाचा क्षण ऑक्टोबर २०१० मध्ये आला. औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकदम विकत घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता, आणि त्याला बँकेचे कर्जही होते. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागाने देशाला आपली ऐपत दाखवली, असे त्याचे कौतुक झाले. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी या गाड्यांच्या कर्जाची तुलना शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाशी केली आणि महागडे कर्ज ट्रॅक्टरला, स्वस्त कर्ज मोटारीला, ही विसंगती मांडली. दोन वर्षांनी, २०१२-१३ च्या दुष्काळात, जालना शहर पाण्यासाठी तडफडत होते. ट्रॅक्टर हे निखळ काम आणि मर्सिडीज हा निखळ मान. कोणाच्या कर्जाला किती व्याज, हे ठरवताना व्यवस्थेने मानाला झुकते माप दिले होते. तरीही तो मान टिकला, हे मान्य करावे लागते. १९९५ मध्ये पुण्यात बांधलेली पहिली मर्सिडीज जुन्या पिढीची होती आणि तिचे स्वागत थंड झाले, पण त्या नावावरचा विश्वास उडाला नाही. २०१७ मध्ये कंपनीने मागे बसणाऱ्या मालकासाठी लांब केलेली ई-क्लास चाकणला बांधायला घेतली आणि मानाला कामाची जोड दिली. शिवाय तिसऱ्या हाताची मर्सिडीजही मर्सिडीजच असते. नाकावरचा तारा विक्रीच्या कागदासोबत हस्तांतरित होतो.

मधल्या पायरीवरच्या गाड्यांचे तसे झाले नाही. होंडाची अकॉर्ड गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. सिव्हिकचेही तेच. फोक्सवॅगनची पसाट गेली. यासाठी कराला दोष दिला जातो. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले, त्यामुळे मोठी सेडान तुलनेने महाग ठरली, हे खरे. पण २०१७ नंतरच्या वस्तू व सेवा करात उंच, दणकट एसयूव्हींवरचा अधिभार मोठ्या सेडानपेक्षा जास्तच होता. तरीही त्या वाढल्या आणि सेडान आटली. म्हणजे कराने सगळे उलगडत नाही.

उलगडते ते रस्त्यावर. नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, फॉर्च्युनर २००९ मध्ये. अंबड-घनसावंगीच्या खड्ड्यांतून, गावोगावच्या गतिरोधकांवरून या गाड्या पोट न घासता जातात, लग्नाला सात माणसे नेतात, वस्तीवर मुक्काम करून परततात. हे त्यांचे काम. त्याच वेळी मान त्यांच्याकडे सरकला. पुढाऱ्याचा ताफा उंच गाड्यांचा झाला, त्यामागे ठेकेदाराची गाडी उंच झाली, मग सासऱ्याने जावयाला द्यायची गाडीही. ऐपतवान माणूस बसका दिसायला तयार नव्हता. मधल्या सेडानचे दोन्ही आधार एकाच वेळी गेले. तिचा दुसरा मालकही तिच्याजवळ आला नाही : किंमत पडून ती त्याच्या आवाक्यात आली, पण आयात सुटे भाग आणि संगणकावर तपासावे लागणारे यंत्र त्याच्या आवाक्यात आले नाही. गावातल्या मिस्त्रीकडे ती गाडी उघडणारी साधनेच नव्हती. जी गाडी मिस्त्रीला उघडता येत नाही, ती त्या गावात फार काळ राहत नाही.

या इतिहासातला शेवटचा योग चटका लावणारा आहे. बसक्या, वेगवान गाडीला साजेसा रस्ता जालना जिल्ह्याला मिळाला तो ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०२३ चे प्रदूषणाचे नवे नियम आले त्या सुमारास, शेंद्र्याच्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब यांची जुळणी थांबली. नंतर ही नावे परत आली ती बाहेरून पूर्ण बांधून आणलेल्या, शंभराच्या आसपास मोजक्या गाड्यांच्या रूपात, जवळजवळ संग्राहकांसाठी. निजामाच्या पिवळ्या गाडीपासून निघालेले वर्तुळ तेथेच येऊन मिळते.

जुन्या गाड्यांचे काय होते, हे जालन्याच्या वसाहतीत गेले की कळते. भट्टीत जाणारे भंगार कोणत्या नावाचे होते, हे तेथे कोणी विचारत नाही. पद्मिनीचा पत्रा, काँटेसाचा सांगाडा, फुटक्या पंपाचे लोखंड आणि मोडलेला नांगर एकाच रसात वितळतात आणि सळी होऊन कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जातात. ज्या पत्र्याला दुसरा मालक मिळाला नाही, त्यालाही तेथे काम मिळते.