दोष अ‍ॅम्प्लिफायरचा की मोजणीचा?

लग्नसराई आणि गणेशोत्सव हे खान्देशातील ध्वनिवर्धक व्यावसायिकांचे कमाईचे हंगाम. हंगाम तोंडावर आला की जळगाव-धुळ्यातील दुरुस्तीच्या दुकानांत अ‍ॅम्प्लिफायर येऊन पडतात. तक्रार ठरलेली असते. गाणे थांबले की स्पीकरमधून घुमघुम ऐकू येते. मीटर लावला तर एकदा एक आकडा, दुसऱ्यांदा भलताच. मग ट्रान्झिस्टर बदलले जातात, आयसी बदलली जाते, ग्राहकाचे पैसे खर्च होतात आणि घुमघुम तशीच राहते. अशा वेळी यंत्राआधी मोजणी तपासणे स्वस्त पडते.

पहिली चाचणी बिनखर्चाची आहे. इनपुटची पिन तिथल्या तिथे ग्राउंडला जोडून आवाज ऐकावा. घुमघुम थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर बहुधा निर्दोष असून उपद्रव बाहेरून, वायरीतून येत आहे. ती थांबली नाही तर तिची वारंवारता पाहावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ५० हर्ट्झचा सूर अर्थिंगकडे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राकडे बोट दाखवतो. १०० हर्ट्झचा सूर रेक्टिफायर आणि त्यापुढील फिल्टर कपॅसिटरकडे. या कपॅसिटरला उष्णता मानवत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगावात, बंद पेटीत तापणाऱ्या कपॅसिटरवर संशय घेणे म्हणूनच रास्त ठरते.

खरी गुंतागुंत अर्थिंगमध्ये आहे. मिक्सर एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि दोघांचे अर्थ वेगळ्या खड्ड्यांतले, अशी मांडणी मांडवात सर्रास असते. तापीखोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातील ओल जाते आणि अर्थचा रोध वाढतो. समजा रोध १०० ओहम झाला आणि गळतीचा प्रवाह अवघा १० मिलिअ‍ॅम्पिअर असला, तरी त्या अर्थवर १ व्होल्ट उभा राहतो. दोन अर्थमधील हा फरक सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही इमानेइतबारे मोठा करतो. दुकानात निर्दोष ठरलेले यंत्र मांडवात घुमू लागते ते यामुळे.

यावर प्लगची अर्थपिन कापून टाकण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो. घुमघुम थांबते हे खरे. पण आत फेज पेटीला टेकली तर पत्र्याच्या पेटीवर आणि माइकच्या धातूच्या जाळीवर २३० व्होल्ट येऊ शकतात. ओल्या मांडवात अनवाणी उभ्या असलेल्या गायकाच्या जिवावर बेतणारा हा उपाय आहे. सर्व यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, अर्थच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि तरीही भागले नाही तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

मीटरही फसवतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा एसी मापनाचा पल्ला अनेकदा काहीशे हर्ट्झपर्यंतच असतो; १० किलोहर्ट्झला तो कमी आकडा दाखवतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रेबल गेल्याचा भास होतो. हल्लीच्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरबाबत उलटे घडते. त्यांच्या आउटपुटवर काहीशे किलोहर्ट्झचा स्विचिंगचा अवशेष असतो. तो कानाला ऐकू येत नाही, पण मोठ्या पल्ल्याचे उपकरण त्याला गोंगाटात धरते. २० किलोहर्ट्झपुढचे कापणारा फिल्टर लावल्याशिवाय अशी मोजणी निरर्थक.

लॅपटॉपवर मोजणाऱ्यांनी आधी साउंडकार्डचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून पाहावे. त्यात दिसणारी विकृती कार्डाची असते, अ‍ॅम्प्लिफायरची नव्हे. चार्जर काढून बॅटरीवर मोजले की पुष्कळदा निम्मा गोंगाट नाहीसा होतो. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचे कोणतेही टोक ग्राउंड नसते. त्यावर ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावल्यास आउटपुट शॉर्ट होऊन ते जळू शकते.

काही गोंगाट मात्र जाणारच नाही. प्रत्येक रोधकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची हालचाल चालते व सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचे मोजमाप व गणित मांडले. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ४७ किलोओहमचा रोधक सुमारे ४ मायक्रोव्होल्ट गोंगाट देतो, ६०० ओहमचा अर्ध्याहूनही कमी. इनपुट उघडे ठेवून घेतलेला आकडा वाईट येतो, त्यामागे हेही एक कारण. खान्देशी उन्हाला येथे दोष देता येत नाही. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास हा गोंगाट जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो.

आकडा लिहिताना सोबत इनपुटची स्थिती, फिल्टरचा पल्ला आणि लोड किती ओहमचा होता, हेही नोंदवावे. ८ ओहमवर १०० वॉट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट सुमारे २८ व्होल्ट असते. त्यावर १ मिलिव्होल्ट गोंगाट म्हणजे ८९ डेसिबलचे अंतर, आणि मांडवासाठी ते पुरेसे आहे.