कांदेला, फेलिक्स

कांदेला, फेलिक्स : (२७ जानेवारी १९१० – ७ डिसेंबर १९९७). काँक्रीटच्या पातळ कवचांची छपरे बांधणारे स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञ. जन्म माद्रिदचा, कर्तृत्व मेक्सिकोतले. माद्रिदच्या वास्तुकला विद्यालयातून १९३५ मध्ये ते पदवीधर झाले. स्कीइंगमध्येही ते स्पेनचे अजिंक्यवीर होते. १९३६ मध्ये जर्मनीतील अभ्यासासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली; पण त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि जाणे राहून गेले. प्रजासत्ताकाच्या फौजेत ते अभियांत्रिकी दलाचे कॅप्टन होते. पराभवानंतर सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले, तेव्हा त्यांची रवानगी पेर्पिन्याँ परिसरातील निर्वासित छावणीत झाली. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या मेक्सिकोने अशा स्पॅनिश निर्वासितांना आसरा दिला. त्यांच्यासह कांदेला ‘सिनाया’ बोटीने १३ जून १९३९ रोजी वेराक्रूझ बंदरात उतरले. १९४१ मध्ये त्यांना मेक्सिकोचे नागरिकत्व मिळाले.

पहिली दहा वर्षे मिळेल ते काम करण्यात गेली. १९५० मध्ये त्यांनी ‘कुबिएर्तास आला’ ही बांधकाम कंपनी काढली. कांदेला समजून घ्यायचे तर त्यांच्यातला ठेकेदार आधी पाहावा लागतो. आकार ठरवणे, आकडेमोड आणि प्रत्यक्ष बांधणी या तिन्ही गोष्टी एकाच हाती असल्यामुळे, इतरांनी कागदावरच सोडून दिले असते असे धाडस त्यांना परवडले. अवजड गणितापेक्षा सोप्या समीकरणांवर आणि आधी उभ्या केलेल्या छपराच्या अनुभवावर त्यांचा भरवसा अधिक होता.

त्यांचा हुकमी आकार अपास्तीय अन्वस्तज, म्हणजे खोगिरासारखा दोन दिशांना उलटसुलट वाकलेला पृष्ठभाग. गंमत अशी, की हा वळणदार पृष्ठभाग सरळ रेषांनी विणता येतो. त्यामुळे सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याला, सरळ लाकडी फळ्या पुरतात. वाकवलेले लाकूड लागत नाही. फळ्यांवर सळयांची जाळी अंथरून काँक्रीट ओतायचे. दुहेरी वक्रतेने येणाऱ्या कणखरपणामुळे चारेक सेंटिमीटर जाडीत भागते. मेक्सिकोतील स्वस्त मजुरी हा या हिशेबाचा दुसरा पाया होता.

१९५१ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात वास्तुशिल्पज्ञ होर्हे गोन्सालेस रेयना यांच्यासह बांधलेल्या वैश्विक किरण प्रयोगशाळेने त्यांचे नाव झाले. किरणांना अडथळा नको म्हणून तिचे छप्पर माथ्यावर अवघे दीड सेंटिमीटर जाड आहे. कंपनीचे पोट मात्र चालले ते गोदामे, कारखाने आणि बाजारांवरच्या, एका खांबावर उभ्या असलेल्या उलट्या छत्र्यांच्या छपरांवर. हीच छत्री तिरकी करून मेक्सिको शहरातील ‘मेदाया मिलाग्रोसा’ चर्च साकारले.

मेक्सिको शहरातील सोचिमिल्कोच्या कालव्यांकाठचे ‘लोस मानान्तियालेस’ हे उपाहारगृह (१९५८) ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानावी लागेल. चार खोगिरी पृष्ठभाग एकमेकांना छेदतात आणि आठ पाकळ्यांचे छप्पर तयार होते. पाकळीच्या कडेला तुळई नाही. त्यामुळे काँक्रीटचा पातळपणा उघड्या डोळ्यांना दिसतो. भार दोन पाकळ्यांमधल्या घळींतून उतरतो, म्हणून तिथली जाडी वाढवलेली आहे. जमीन जुन्या सरोवराची, भुसभुशीत. तेव्हा पायाही उलट्या छत्रीच्या आकाराचा घेतला. सगळेच डाव साधले असे नाही. कुएर्नाव्हाका येथील खुल्या प्रार्थनालयाचा काही भाग सेंटरिंग काढताना कोसळला आणि तो कमी उंचीचा करून पुन्हा बांधावा लागला.

१९६१ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वास्तुविशारद संघाचे ऑग्युस्त पेरे पारितोषिक मिळाले. पुढे मजुरी वाढली, सेंटरिंग महागले आणि पातळ कवचांचा आर्थिक आधारच सुटला. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी मेक्सिको शहरात उभारलेल्या क्रीडाप्रासादात एन्रिके कास्तान्येदा व अन्तोनी पेइरी हे त्यांचे सहकारी होते. त्याचा तांब्याने मढवलेला घुमट पोलादी सांगाड्यावर तोललेला आहे. १९७१ मध्ये ते अमेरिकेत गेले, शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात शिकवू लागले आणि १९७८ मध्ये अमेरिकी नागरिक झाले. त्यांचे निधन नॉर्थ कॅरोलायनात झाले. व्हॅलेन्सियाच्या मत्स्यालयातील पाकळीदार छप्पर त्यांच्या पश्चात, २००३ मध्ये खुले झाले. ते सोचिमिल्कोचीच मोठी आवृत्ती आहे. मूळचा हलकेपणा त्यात उतरलेला नाही. त्यांच्या आराखड्यांचा व कागदपत्रांचा संग्रह न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयात आहे.