रसायनशास्त्राच्या पदवीचे मोल कोण ठरवते?

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी वसवलेली वसाहत. एका अंगाला हौज खासची आयआयटी, दुसऱ्या अंगाला धौला कुआंचे वेंकटेश्वर कॉलेज. दोन्ही संस्थांचा जन्म 1961 चा. बारावीचा निकाल लागला की अशा वसाहतींतल्या घरांमध्ये एक हिशेब मांडला जातो. बी.टेक.ला जागा मिळाली नाही, तर केमिस्ट्रीत बी.एस्सी. करावी का? फी परवडते, पण पुढे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र पदवीचे मोल विषयातच दडलेले असते, असे गृहीत धरून तो विचारला जातो आणि इथे गफलत होते. मुंबई-पुण्याचा शंभर वर्षांचा अनुभव असा की, रसायनशास्त्राच्या पदवीचे मोल तिच्यापुढे उभ्या केलेल्या प्रयोगशाळा, कारखाने आणि कायदे ठरवतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या ऐन भरात होत्या, पण त्यांना लागणारा कृत्रिम रंग जर्मनीहून येई. त्यामुळे रसायनशास्त्र शिकलेल्याला मास्तरकी किंवा सरकारी खाते यांपलीकडे फारशी वाट नव्हती. विल्सन कॉलेजात शिकवणाऱ्या त्रिभुवनदास गज्जर यांनी ही कोंडी ओळखली आणि मुंबईत खासगी प्रयोगशाळा काढली. त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या साथीने 1907 मध्ये ‘अलेम्बिक’ उभी राहिली. तरीही असे दरवाजे मोजकेच होते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची कहाणी हेच सांगते. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट धरल्यावर तो अटींवर मिळाला. पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन 1939 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला. त्या तेजस्वी होत्या, यात शंका नाही. पण शिष्यवृत्ती आणि नवा विभाग नसता, तर त्या तेजाला उभे राहायला जागा कुठे होती?

ती जागा हळूहळू बांधली गेली. 1933 मध्येच मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. ‘यूडीसीटी’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. 1950 मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून केवळ तो बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले. तेच औषध वेगळ्या मार्गाने बनवू शकेल असा रसायनतज्ज्ञ आता कारखान्याला हवा झाला. औषध उद्योजक अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, पुण्याच्या प्रयोगशाळेतून पीएच.डी. झाले, आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत त्यांनी काम केले आणि 1984 मध्ये स्वतःची कंपनी काढली. या वाटचालीतला प्रत्येक टप्पा आधी सार्वजनिक पैशाने किंवा धोरणाने तयार झालेला होता. यूडीसीटीचेच रसायन उद्योजक केकी घरडा कोकणात लोट्याला कारखाना उभारू शकले, त्यामागेही असेच शिक्षण होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ही शिखरावरची नावे झाली, साध्या बी.एस्सी.ला गुणनियंत्रण विभागात तुटपुंजा पगार मिळतो. हे खरेच आहे, आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो. यूडीसीटीचे सुरुवातीचे तंत्रशिक्षण बी.एस्सी.नंतर घ्यायचे होते. या विषयात पहिली पदवी हा पाया असतो. मोबदला त्यापुढच्या विशेष कौशल्याला मिळतो. म्हणून खर्चाच्या रकान्यात तीन वर्षांची फी लिहून थांबू नये, पुढची वर्षेही लिहावीत. पण त्या वर्षांत हात रिकामाच राहतो असे नाही: सीएसआयआर-यूजीसी परीक्षेतून अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेल्या संशोधकाला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. ज्या घराला पदवीनंतर लगेच कमाई हवी, त्याने मात्र हा मार्ग डोळे उघडे ठेवूनच निवडावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: 2005 मध्ये औषधांवरचे उत्पादन-पेटंट परत आले, मग जुनी वाट बंद झाली नाही का? ती बंद झाली नाही, तिचे वळण बदलले. पेटंटची मुदत संपलेली औषधे स्वस्तात, शुद्ध स्वरूपात बनवण्याचे काम आजही रसायनतज्ज्ञाचेच आहे. मात्र नवा रेणू शोधायचा तर दीर्घ संशोधनाचा खर्च सोसणारी संस्था लागते. कायदा बदलताच मागणीचा मोहरा बदलतो, हेच यातून पुन्हा सिद्ध होते.

म्हणून आर. के. पुरमच्या त्या हिशेबात पालकांबरोबर शासनाचाही वाटा धरला पाहिजे. सरकारी अनुदानाने फी कमी ठेवली, तेव्हा समाजाने त्या विद्यार्थ्यात पैसा गुंतवलेला असतो. पुढे प्रयोगशाळेतली पदे रिकामी ठेवणे आणि अधिछात्रवृत्ती वेळेवर न देणे म्हणजे ती गुंतवणूक अर्ध्यावर सोडणे होय. विद्यार्थ्याने पदवीपुढची चार-पाच वर्षे आखून घ्यावीत, हे सांगणे योग्यच. पण ती वर्षे फळावीत अशी संस्था उभारणे हे कोणत्याही एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम नाही. आधीच्या पिढ्यांनी ते केले म्हणून या पदवीला मोल आले. ते टिकवायचे, तर तेच काम आपल्यालाही करावे लागेल.