गुलाबी त्रिकोण
नाझी जर्मनीच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर शिवले जाणारे कापडी चिन्ह. जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ नुसार (१८७१) पुरुषांमधील समलैंगिक संबंध गुन्हा होता. हे कलम रद्द व्हावे म्हणून डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ पासून चळवळ चालवली. ६ मे १९३३ रोजी त्यांची बर्लिनमधील लैंगिकविज्ञान संस्था लुटली गेली आणि चार दिवसांनी तिच्या ग्रंथालयातील पुस्तकांची होळी झाली. १९३५ मध्ये कलम कडक केले गेले. नाझी काळात सुमारे ५०,००० पुरुष दोषी ठरले. त्यांपैकी ५,००० ते १५,००० छावण्यांत गेले आणि त्यांतले अनेक परतले नाहीत.

योझेफ कोहाउट या व्हिएन्नाच्या तरुणाचा बिल्ला वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात जपलेला आहे. कैदी क्रमांकाची पट्टी आणि गुलाबी कापडाचा तुकडा, एवढाच. एका माणसाची सगळी ओळख त्यात कोंबलेली होती.

सर्वांत बोचणारी गोष्ट युद्धानंतरची. इतर कैदी मुक्त झाले, पण पश्चिम जर्मनीत १९३५ चेच कलम १९६९ पर्यंत जसेच्या तसे लागू राहिले. छावणीतून वाचलेल्यांना कायद्याच्या लेखी गुन्हेगारच मानले गेले; त्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोंड उघडले नाही, हे स्वाभाविकच. कलम पूर्णपणे रद्द झाले १९९४ मध्ये, तर युद्धोत्तर शिक्षा २०१७ मध्ये.

१९७० च्या दशकापासून समलिंगी चळवळीने हेच चिन्ह अभिमानाने स्वीकारले. ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठचे होमोमोन्युमेंट (१९८७) गुलाबी ग्रॅनाइटच्या तीन त्रिकोणांचे आहे. त्यांपैकी एक पाण्यापर्यंत उतरतो. लोक तिथे फुले ठेवतात.